हेडफोन लावला की महाराज बोलतात, काढला की गप्प: कॅमकॉर्डरचा व्हिडिओ कन्व्हर्ट करताना आवाज कुठं हरवतो

गेल्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मामा पेनड्राइव्ह घेऊन आमच्या लातूरच्या दुकानात आले. "भाऊ, सप्त्याची कॅसेट भरून घेतली. टीव्हीवर बरी वाजते, पण मोबाईलवर आवाजच येईना गेलाय. तीन जागी कन्व्हर्ट केली, तीन वेगळ्या सॉफ्टवेअरनं. दरवेळी तेच."

कॅसेट २००६ सालची, मिनी डीव्ही. काल्याचं कीर्तन. मी फाईल माझ्या जुन्या, एकाच स्पीकरच्या फोनवर लावली. महाराज हात वर करून काहीतरी ठासून सांगतायत, मागं टाळकरी झुलतायत आणि आवाज म्हणून नुसतं बारीक सूं-सूं. सवयीनं हेडफोनची पिन खुपसली तर महाराज एकदम खणखणीत. पिन काढली, गप्प. पुन्हा लावली, चालू. मामा माझ्या तोंडाकडं बघायले.

ही तक्रार वर्षातून चार-पाचदा येते आणि बहुतेक वेळा कॅसेट सप्त्याची नाहीतर सभेची असते. कारण शूटिंगच्या दिवशीच घडलेलं असतं. मंडपातल्या मिक्सरमधून निघणारी मोठ्या तोंडाची एक्सएलआर वायर एकच आवाज दोन तारांवरून पाठवते: एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. तिसरी तार अर्थची. लांब वायरीत वाटेत शिरलेली घरघर पुढच्या मशीनला वजा करता यावी म्हणून ही सोय असते. शूटिंगवाल्यानं ती वायर जोडली कॅमेऱ्याच्या माईकच्या छोट्या भोकात. कॅमेऱ्याच्या हिशेबात दोन तारा म्हणजे डावा आणि उजवा. झालं, डाव्या बाजूला सुलटे महाराज आणि उजव्या बाजूला उलटे. हेडफोनमध्ये दोन कानांना दोन वेगळे आवाज जातात, म्हणून ऐकू येतं, फक्त डोक्याच्या मागून आल्यासारखं जरा पोकळ वाटतं. एकच स्पीकर असलेला फोन मात्र डावं-उजवं एकत्र करतो. अधिक एक आणि वजा एक, हाती शून्य.

तपासायचं असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाईल लावा आणि ऑडिओच्या मेनूत स्टिरिओ मोड म्हणून आहे तिथं 'लेफ्ट' करा. आवाज भरदार झाला तर हाच रोग. इलाज कन्व्हर्टरमध्ये शोधत बसू नका. ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडा (व्हिडिओ थेट उघडायला एफएफएमपेग लायब्ररी एकदा बसवावी लागते), ट्रॅकच्या नावावर क्लिक करून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, खालचा ट्रॅक सरळ उडवा, उरलेला मोनो म्हणून एक्सपोर्ट करा. दोन्हीत माल तोच आहे, एक गेला तर काही बिघडत नाही. मग अ‍ॅव्हिडेमक्समध्ये (व्हिडिओ कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) मूळ व्हिडिओ उघडून चित्र 'कॉपी'वर ठेवायचं आणि ऑडिओ ट्रॅक म्हणून ही नवी फाईल निवडायची. चित्राला हात लागत नाही, त्यामुळं त्याची प्रतही उतरत नाही.

मामांचं काम चहा येईपर्यंत झालं. पण त्याआधी तीन दुकानं आणि तीन सॉफ्टवेअर झाली होती. हे मी सारखं बघतो. आवाज बिघडला की माणूस आधी कन्व्हर्टर बदलतो, मग आणखी एक डाउनलोड करतो, मग पैसे भरून 'प्रो' घेतो. आवाज कॅसेटवरून निघून तुमच्या कानापर्यंत येतो त्या वाटेत पाच थांबे असतात: कॅसेट, कॅमेरा, वायर, कॅप्चर झालेली म्हणजे संगणकात उतरवलेली फाईल आणि कन्व्हर्ट झालेली फाईल. प्रत्येक थांब्यावर हेडफोन लावून ऐकायचं. ज्या थांब्यावर पहिल्यांदा बिघडलेला ऐकू येतो, त्याच्या पुढं बघायचं कामच नाही.

कॅमेऱ्यात काय ऐकू येतं?

कॅमेऱ्याच्या छोट्या स्पीकरवर भरवसा ठेवू नका, तो एकच असतो. हेडफोनचं भोक असेल तर ते वापरा.

चित्र छान आणि आवाज अजिबात नाही, असं असेल तर कॅसेटला दोष देण्याआधी मेनू उघडा. मिनी डीव्हीवर आवाज दोन पद्धतीनं भरला जातो. १६ बिटमध्ये ४८ किलोहर्ट्झचे (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) दोन चॅनल. १२ बिटमध्ये ३२ किलोहर्ट्झचे चार चॅनल, म्हणजे दोन जोड्या. दुसरी जोडी नंतर डबिंग करता यावं म्हणून मोकळी सोडलेली असते. घरगुती कॅमेऱ्यांत बरेचदा १२ बिटच लावून आलेलं असतं आणि कुणी ते बदलत नाही. आता प्लेबॅकच्या मेनूत ऑडिओ मिक्सचा काटा एसटी २ कडं सरकलेला असेल, तर कॅमेरा ती रिकामी जोडी वाजवतो. म्हणजे शांतता. सोनीच्या हँडीकॅममध्ये 'हायफाय साउंड' म्हणून आणखी एक पर्याय असतो, तो स्टिरिओवर हवा. १ किंवा २ वर असला तर एकच बाजू येते. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एव्हीचं आणि हेडफोनचं भोक एकच असतं आणि मेनूतून ते कुणाचं हे ठरतं. ते हेडफोनवर राहिलं तर एव्ही वायरीतून आवाज नीट येत नाही. लेकरांनी खेळता खेळता कुठलं बटण दाबलंय हे कुणाला सांगता येतंय?

आवाज तुटक, मधेच टक-टक, आणि त्याच वेळी चित्रात चौकोन दिसत असतील तर हेड घाण झालंय. डीव्हीत आवाज आणि चित्र एकाच तिरप्या पट्ट्यांवर लिहिलेलं असतं, आपल्या पाल पद्धतीत एका फ्रेमला अशा १२ पट्ट्या. म्हणून दोन्ही एकदम अडखळतात. कोरडी क्लीनिंग कॅसेट पाच-दहा सेकंद चालवा, जास्त नको, ती हेडला घासते. आपल्याकडं कॅसेटी बहुतेक पत्र्याच्या खोलीत, ट्रंकेत, मे महिन्याच्या उन्हात शिजलेल्या असतात. अशी कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं एकदा फिरवून घ्या. आणि कूलरच्या समोर बसून हे काम करू नका. ओल्या हवेत कॅमेऱ्याच्या आत दव धरू शकतं, तसं झालं तर तो कॅसेट घेतच नाही.

लाँग प्ले म्हणजे एलपीत भरलेली, ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं बसवलेली टेप दुसऱ्या कॅमेऱ्यात बरेचदा कुरकुरते. जमेल तर ज्या कॅमेऱ्यानं काढली तोच शोधा. कुणाच्या तरी माळ्यावर असतोच.

वायर

फायरवायरनं (डीव्ही कॅमेरा संगणकाला थेट जोडणारी डिजिटल वायर) घेत असाल तर हा भाग सोडून दिला तरी चालेल. तिथं कॅमेऱ्यातला आकडा जसाच्या तसा संगणकात उतरतो, तासाला साधारण १३ जीबी, आणि कॅमेऱ्याच्या आवाजाची पट्टी वर-खाली केली तरी फाईलवर काही परिणाम होत नाही. खरी भानगड हाय-८ आणि व्हिडिओ-८ या जुन्या अ‍ॅनालॉग कॅसेटींच्या लोकांची, ज्यांना पिवळी-पांढरी-लाल वायर आणि यूएसबीचं डोंगल वापरावं लागतं.

पहिली गोष्ट त्या वायरीचीच. कॅमेऱ्याकडचं टोक म्हणजे तीन काळ्या रेघांची बारीक पिन. दिसायला सगळ्या सारख्या, पण आत कुठल्या रिंगला काय जोडलंय हे कंपनीगणिक वेगळं. चुकीची वायर लागली की एका कानात भर्रर्र असा आवाज येतो आणि चित्र गायब. तो भर्रर्र म्हणजे चित्राचाच सिग्नल, आवाजाच्या तारेवर आलेला. वायर फेकायच्या आधी एक करून बघा: पिवळ्या भोकात एकदा लाल टोक घाला, एकदा पांढरं. ज्यात चित्र दिसेल ते चित्राचं, मग त्याचा रंग काहीही असो. उरलेली दोन आवाजाला लावून बघा. घरघर तशीच राहिली तर अर्थच्या तारेचा घोळ आहे, तेव्हा मात्र दुसरी वायर आणा. माझ्याकडं एक वायर आहे जिच्यात पिवळं आणि लाल उलटं आहे. तिला मी दोरा बांधून ठेवलाय.

एकाच कानात आवाज आणि दुसरा कान पूर्ण शांत, असं असेल तर शूटिंगच्या वेळी मोनो पिनचा माईक स्टिरिओ भोकात लावला असणार. काही बिघडलेलं नाही. वर मामांसाठी सांगितलेला उपाय इथंही चालतो, फक्त जो कान शांत आहे तो ट्रॅक उडवायचा.

दुसरी गोष्ट विंडोजची. डोंगलचं चित्र दिसतंय आणि आवाजाची पट्टी हलतच नाही. इथं लोक डोंगल बदलून आणतात. विंडोजच्या नजरेत डोंगलमधून येणारा आवाज म्हणजे मायक्रोफोन. सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या पानावर मायक्रोफोनची परवानगी बंद असेल तर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असो की दुसरं काही, त्याला आवाज मिळत नाही, आणि एररही येत नाही. त्याच पानावर खाली डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी वेगळं बटण असतं, तेही चालू करा. मग कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ सोर्स म्हणून डोंगलचंच नाव निवडलंय ना बघा. लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडलेला राहिला, तर लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांऐवजी तुमच्या घरातला मिक्सर आणि शेजारच्यांचा कुकर ऐकू येतो. हसू नका, ही फाईल मी स्वतः केलेली आहे.

घरघर, म्हणजे सतत एका सुरातली हूंऽऽ, ही बहुतेक वेळा विजेची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघर ५०, १००, १५० हर्ट्झवर बसते. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर कॅप्चर करा, निम्म्या वेळा घरघर तिथंच थांबते. कॅमेऱ्याचाही अ‍ॅडॅप्टर काढून बॅटरी लावली तर आणखी बरं. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर तर कॅप्चर करूच नका. त्याची वीज गुळगुळीत लाटेसारखी नसते, चौकोनी असते, आणि ती आवाजात करवतीसारखी उतरते. घरघर कॅसेटवरच असेल, सप्त्यात जनरेटर चालू असताना भरलेली, तर ऑडॅसिटीत नॉच फिल्टर (एकच सूर कापणारा) ५० वर, मग १०० वर. त्यानंतरही उरली तर नॉइज रिडक्शन: जिथं कुणी बोलत नाही असे दोन-तीन सेकंद निवडून नमुना घ्यायचा आणि मग सगळ्या ट्रॅकवर हलक्या हातानं लावायचं. हात जड झाला की महाराज विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात.

चित्र पुढं, आवाज मागं

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी तक्रार. "सुरुवातीला बरोबर आहे, पण अक्षता पडल्या तरी 'सावधान' नंतर ऐकू येतं." यात तीन वेगवेगळे रोग आहेत आणि तिन्हीचा इलाज वेगळा, म्हणून आधी मोजा.

मोजायला काहीतरी टक्कन वाजणारं आणि दिसणारं हवं. लग्नात टाळी किंवा फटाका. कीर्तनात टाळ फार उत्तम, दोन टाळ एकमेकांवर आपटताना स्पष्ट दिसतात. वरातीत हलगीवरची काडी. सुरुवातीचा एक, मधला एक, शेवटचा एक असे तीन क्षण शोधा. व्हीएलसीत 'के' दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागं जातो, 'जे' दाबलं की तेवढाच पुढं येतो. टाळ आणि आवाज जुळेपर्यंत दाबत जा आणि आकडा लिहून ठेवा. आपल्याकडं सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. एवढ्याचा फरक कुणाला कळत नाही. शंभरच्या वर गेला की ओठ आणि शब्द वेगळे दिसायला लागतात.

तिन्ही ठिकाणी आकडा सारखाच आला, समजा ३०० मिलिसेकंद, तर रोग साधा आहे. कॅप्चर सुरू होताना चित्र आणि आवाज एका वेळी निघाले नाहीत. अ‍ॅव्हिडेमक्समध्ये ऑडिओ 'शिफ्ट'ला तो आकडा द्या, काम संपलं.

आकडा सारखा वाढत गेला, म्हणजे सुरुवातीला शून्य, अर्ध्या तासाला दीड सेकंद, तासाला तीन सेकंद, तर दोन घड्याळं वेगळी चालतायत. हे फार वेळा तेव्हा होतं जेव्हा डोंगलचा आवाज चालेना म्हणून लोक लाल-पांढरी वायर लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घालतात. आता चित्राचं घड्याळ डोंगलमध्ये आणि आवाजाचं लॅपटॉपच्या साउंड कार्डात. दोन्ही आपापल्या परीनं बरोबर, पण एकमेकांशी पटत नाही. शिवाय ते भोक माईकचं, त्याला कॅमेऱ्याचा जोरकस आवाज झेपत नाही आणि तो फाटतो. तेव्हा चित्र आणि आवाज दोन्ही एकाच डोंगलमधून घ्या. फायरवायरनं घेतलं तरी थोडा फरक पडू शकतो, कारण घरगुती डीव्हीत आवाज चित्राला घट्ट बांधलेला नसतो. ४८,००० ऐवजी कॅमेऱ्यानं सेकंदाला ४८,०१० नमुने भरले, तर तासाभरात ३६,००० नमुने जास्त होतात, म्हणजे पाऊण सेकंद. व्यावसायिकांच्या डीव्हीकॅममध्ये आवाज चित्राला बांधलेला असतो, म्हणून हा घोळ तिथं होत नाही.

झालेल्या फाईलवर इलाज असा: आवाजाची लांबी ३६०३ सेकंद आहे आणि चित्राची ३६००. ऑडॅसिटीत 'चेंज टेम्पो' उघडा, त्यात लांबी सेकंदात टाकता येते. ३६०३ च्या जागी ३६०० लिहा. फरक ०.०८ टक्क्यांचा, कानाला कळतही नाही. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रभर बसून दर पाच मिनिटांनी आवाज कापून सरकवत होतो. सकाळी एकानं ही युक्ती सांगितली तेव्हा स्वतःचीच कीव आली.

तिसरा रोग पायऱ्यांचा. पंचवीस मिनिटं सगळं बरोबर, मग एकदम दोन सेकंदांचा फरक, आणि पुढं तोच फरक शेवटपर्यंत. इथं टेम्पो बदलला तर बरोबर असलेला भागही बिघडेल. कॅप्चर करताना फ्रेम गळाल्यात. ५० फ्रेम गळाल्या की दोन सेकंद गेले. चित्र तेवढं आखूड झालं, आवाज तसाच राहिला. बहुतेक कॅप्चर सॉफ्टवेअर 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा दाखवतं, तो शून्य असायला हवा. अँटिव्हायरस त्याच वेळी डिस्क चाळत असेल, फाईल यूएसबी हबवरच्या मंद डिस्कवर जात असेल, किंवा टेप त्या जागी खराब असेल. कॅप्चर पुन्हा करा, मशीनवर दुसरं काही चालू ठेवू नका. टेपच खराब असेल तर ती जागा सोडून दोन तुकडे घ्या आणि नंतर जोडा.

आवाज चिमणीसारखा झाला तर?

आजोबा लग्नात बोलतायत आणि वाटतंय कार्टून चाललंय. हा ३२ आणि ४८ चा घोळ. ३२ किलोहर्ट्झवर भरलेला आवाज सॉफ्टवेअरनं ४८ समजून वाजवला की तो दीडपट वेगानं धावतो. तासाभराचा आवाज ४० मिनिटांत संपतो आणि पुढची २० मिनिटं मुकी. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की सॅम्पलिंग रेट दिसतो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून त्याचा रेट ३२,००० करा, आवाज लगेच माणसात येतो. 'रीसॅम्पल' नावाचं बटण वेगळं आहे, ते दाबलंत तर चिमणी तशीच राहील.

यातला एक अवघड प्रकार. उदगीरहून आलेली एक कॅसेट होती, पहिली वीस मिनिटं हळदीची, पुढं लग्न. हळद घरच्या कुणीतरी काढलेली, लग्नाला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात गेला आणि त्यानं मेनूत १२ बिटचं १६ केलं. कॅप्चर सॉफ्टवेअर फाईलच्या सुरुवातीला जे बघतं तेच शेवटपर्यंत धरून चालतं. हळद उत्तम, लग्न लागताना नुसता चरचराट. अशी कॅसेट दोन भागांत घ्यायची: हळद संपली की कॅप्चर थांबवा, लग्न सुरू झाल्यावर नव्या फाईलमध्ये पुन्हा सुरू करा.

फायरवायरवाल्यांना आणखी एक छुपा खड्डा लागतो. डीव्हीची एव्हीआय फाईल दोन प्रकारची असते. टाइप १ मध्ये आवाज चित्राच्या प्रवाहातच गुंडाळलेला असतो, टाइप २ मध्ये वेगळा ट्रॅक असतो. व्हर्च्युअलडबसारख्या सॉफ्टवेअरला टाइप १ मधला आवाज दिसतच नाही. विनडीव्ही या कॅप्चर सॉफ्टवेअरनं घेत असाल तर सेटिंगमध्ये टाइप २ निवडून ठेवा.

मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्कवाले कॅमेरे

इथं तक्रार बहुतेक एकच: संगणकावर व्हीएलसीत आवाज येतो, मोबाईलवर नाही. हार्ड डिस्कवाल्यांच्या एमओडी फाईल, २००६ नंतरच्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या एमटीएस फाईल, दोन्हींत आवाज बहुतेक एसी-३ म्हणजे डॉल्बीचा असतो. व्हीएलसी तो स्वतः उलगडतं, बऱ्याच मोबाईलला तो येत नाही. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये ऑडिओच्या पानावर 'पासथ्रू' असेल तर आवाज तसाच पुढं ढकलला जातो, म्हणून तिथं एएसी हा मोबाईलला कळणारा प्रकार निवडा.

त्याच पानावर मिक्सडाउनही (जास्तीचे चॅनल मिसळून कमी करणं) बघा. काही हँडीकॅम ५.१ म्हणजे सहा चॅनलमध्ये भरतात. समोरच्या माणसाचं बोलणं मधल्या चॅनलवर जास्त असतं. एखादा कन्व्हर्टर डावा-उजवा तेवढा उचलतो आणि मधला टाकून देतो. मग वारा, गर्दी, भांड्यांचा आवाज सगळं आहे आणि आजी बोलते ते पुटपुटल्यासारखं. मिक्सडाउन स्टिरिओ केलं की आजी परत येते.

कॅमेरा लांबलचक शूटिंग २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत तोडतो. प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट करून मग जोडला तर प्रत्येक सांध्यावर आवाजात बारीक खाच पडते, कारण एएसी करताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप चिकटते. आधी जोडा, मग कन्व्हर्ट करा. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरनं आयात केलं तर ते स्वतःच जोडून देतं. म्हणून कार्डावरून फक्त व्हिडिओ फाईल उचलू नका, सगळा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा.

हलगी

एका गोष्टीला इलाज नाही, आणि तीच लोकांना सगळ्यात जास्त हवी असते. वरातीत कॅमेरेवाला हलगीच्या अगदी तोंडाशी उभा होता. कॅमेऱ्यातलं आपोआप आवाज कमी-जास्त करणारं यंत्र प्रत्येक ठोक्याला दचकून सगळा आवाज खाली ओढतं, मग हळूहळू वर सोडतं. दोन ठोक्यांच्या मधे बाकीचं सगळं श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं. आणि खुद्द ठोका इतका मोठा की ऑडॅसिटीत लाटेची टोकं वरून सपाट कापलेली दिसतात, कणसं खुडलेल्या ज्वारीसारखी. ऑडॅसिटीत 'क्लिप फिक्स' आहे, त्यानं थोडी गोलाई येते, पण कापलेलं कणीस परत लागत नाही. आवाज नुसता कमी केला तरी फाटलेपणा तसाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. असं काम आलं की मी आधीच सांगून टाकतो आणि पैसे घेत नाही.

मामांची नवी फाईल मी त्यांच्याच फोनवर लावून दिली. त्यांनी फोन कानाला धरला, मग हातभर लांब धरला. महाराज बोलत होते. मामा म्हणाले, "हे आमच्या गल्लीतलं पहिलं काल्याचं. त्या मागच्या टाळकऱ्यांत डावीकडून तिसरा मी." मग फोन खिशात घातला आणि पिशवीतून आणखी चार कॅसेटी काढल्या. एकीवर नाव नव्हतं, दोन हाय-८ च्या होत्या, आणि चौथीला बुरशी लागलेली.